मानाय बिसिंग आणि शेजारचा नीरफणस

बिसिंगच्या हातचं पोलकं अंगात घातलं की पोक काढून चालणारी बाईसुद्धा ताठ होते, असं गावात म्हणत. तिचं बाप्तिस्म्याचं नाव विसितासिओन, पण ते फक्त पाद्रीबाबा घेत. बाकीच्यांना ती मानाय बिसिंग, म्हणजे बिसिंगताई. कातान्दुआनेस बेटाच्या उघड्या समुद्राकडच्या किनाऱ्यावर, नारळीच्या रांगेमागे तिचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं, आणि त्याला नंतर जोडलेली एक तिसरी खोली. ती शिवणाची.

तरुणपणी ती मनिलाला कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथं तिनं वर्षानुवर्षं नुसत्या बाह्या शिवल्या, त्याही डाव्या. शर्टाचं उरलेलं अंग कोण शिवतं, तो शर्ट शेवटी कोण घालतं, याचा तिला कधी पत्ता लागला नाही. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती बोटीनं परत आली, आणि येताना एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानातलं पायानं चालवायचं मशीन घेऊन आली. बिडाचं जाड स्टँड, चाक, पायडल, सगळं मिळून एवढं जड की बोटीवरचे हमालसुद्धा कुरकुरले. आई चार वर्षं अंथरुणावर होती. ती गेल्यावर सगळ्यांना वाटलं, ही आता मनिलाला परत जाणार. पण तोवर गावातल्या पोरींचे शाळेचे गणवेश, मे महिन्यातल्या मिरवणुकीचे झगे, नवऱ्या मुलींचे पांढरे गाऊन, म्हाताऱ्यांना शेवटचे घालायचे कपडे, सगळं तिच्याकडेच यायला लागलं होतं. इथं अख्खा माणूस शिवायला मिळत होता. ती राहिली.

शिवणाची खोली तिनं पूर्वेला बांधली, उजेडासाठी. आणि पूर्वेला कुंपणापलीकडे होता तिनोंगचा नीरफणस.

फाउस्तिनो ऊर्फ तिनोंग तिच्यापेक्षा दहा-एक वर्षांनी मोठा. आयुष्यभर त्यानं डोंगरावर आबाकाच्या, म्हणजे दोरखंडासाठी लावतात त्या केळीच्या, खोडांचे धागे ओढले होते. त्यामुळे म्हातारपणीही त्याचे हात दोरखंडासारखे पिळदार, आणि स्वभावही तसाच. बायको वारलेली, मुलगा जहाजावर. घरात तो, अंगणात त्याचा रेडा, आणि कुंपणाला लागून ते झाड. वाऱ्यानं वर्षानुवर्षं ढकलत ढकलत ते बिसिंगच्या खोलीवर कललं होतं, जसं एखादं म्हातारं माणूस दुसऱ्याच्या खिडकीत डोकावतं.

त्या झाडानं तिला काय काय सोसायला लावलं! पिकलेला नीरफणस पत्र्यावर आपटला की सुई बोटात जायची. मोठाली वाळकी पानं पन्हाळीत अडकून पाणी भिंतीतून उतरायचं. एकदा तर वाळत टाकलेल्या नवरीच्या गाऊनवर चीक गळला आणि डाग काही केल्या निघेना. बिसिंगनं रातोरात त्यावर मोत्यांचं फूल भरलं. नवरीला ते फार आवडलं, पण बिसिंगनं त्याबद्दल झाडाला कधी माफ केलं नाही.

खरी भीती वेगळी होती. दरवर्षी वादळं यायची, आणि दरवर्षी ती शाळेत आसऱ्याला बसून एकच गोष्ट मनात घोळवायची : आता पडलं असेल, आता पडलं असेल.

"मानोय," ती कुंपणावरून म्हणायची, कारण वयानं मोठ्या माणसाला दादा म्हणायचं तिनं भांडणातही सोडलं नव्हतं, "त्या झाडाचं काहीतरी कर."

"हो हो. बघतो."

"गेल्या वर्षी पण बघतोच म्हणालास."

"मग बघितलं की. उभं आहे अजून."

शेवटी प्रकरण गावच्या कॅप्टनकडे गेलं. कॅप्टन म्हणजे निवडून आलेली गावप्रमुख, हर्मिनिया, मोठ्या घेराची आणि मोठ्या आवाजाची बाई. तिनं दोघांना समोरासमोर बसवलं, कॉफी पाजली आणि सांगितलं, झाड तोडायचं नसेल तर निदान फांद्या तरी छाट. तिनोंगनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यानं कोयता घेऊन एक दांडगी फांदी उतरवली, ती स्वतःच्या अंगणातली! झाडाचा तोल गेला आणि ते बिसिंगकडे आणखी कललं.

"तू मला मारायचं ठरवलंयस का?" बिसिंग किंचाळली.

"माझ्या घरात अंधार येत होता," तिनोंग शांतपणे म्हणाला.

पण त्याच्याकडे एक उत्तर होतं, ज्याच्यापुढे बिसिंगचं तोंड बंद व्हायचं. मागं एका मोठ्या वादळानंतर तांदळाची बोट कित्येक दिवस आली नव्हती. नारळ आडवे, रताळी कुजलेली. तेव्हा त्या नीरफणसानं अख्खी गल्ली जगवली होती. तिनोंगनं शिडी लावून फळं उतरवली, दारोदार वाटली, आणि बायकांनी ती नारळाच्या दुधात शिजवली. "तुझी आई शेवटचं पोटभर जेवली ती याच झाडाचं," तो म्हणायचा. "तिनं दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं. मी स्वतः वाडगा भरून दिला. त्याच्यावर कोयता चालवू?"

हे खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच बिसिंगला जास्त राग यायचा.

त्या वर्षी नोव्हेंबर सरता सरता वादळाची वर्दी आली. आधी दोन नंबरचा सिग्नल, मग सकाळी चार नंबरचा. कॅप्टन भोंगा घेऊन गल्लीगल्लीतून फिरली : सगळ्यांनी शाळेत नाहीतर चर्चमध्ये जायचं, उशीर करायचा नाही. बिसिंगकडे जेनलिन नावाच्या मुलीचा लग्नाचा गाऊन अर्धा झालेला होता. तो तिनं तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला. कात्री कमरेला खोचली. मशीन मात्र हलवण्यातलं नव्हतं. तिनं त्याच्यावर ताडपत्री टाकली, खांबाला दोरीनं आवळलं, आणि लहान मुलाला घरी ठेवून निघावं तसा हात फिरवून खोलीला कुलूप घातलं.

अंगणात येऊन तिनं वर पाहिलं. झाड नुसतं हलत नव्हतं, बुंध्यापासून करकरत होतं. कुंपणापलीकडे तिनोंग रेड्याला सोडत उभा होता.

"येणार ना चर्चमध्ये?" तिनं विचारलं.

"येतो. तू हो पुढं."

"आणि हे?" तिनं झाडाकडे बोट केलं.

"काही होत नाही त्याला."

मग तिच्या मनातलं सगळ्या वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. तिनं मानोयसुद्धा म्हटलं नाही. "फाउस्तिनो, ऐक. तुझं झाड जर माझ्या मशीनवर पडलं ना, तर मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. जिवंतही नको आणि मेलेलंही नको."

बिसिंगनं गाऊन डोक्यावर घेतला आणि ती शाळेकडे निघाली. अर्ध्या वाटेवर तिला वाटलं, मेलेलं म्हणायला नको होतं. पण पाऊस आडवा यायला लागला होता आणि मागं फिरायची सोय नव्हती.

शाळेत काय झालं ते सांगण्यासारखं नाही. बाकांखाली पोरं, बाकांवर म्हाताऱ्या, आणि बाहेर असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागे. बिसिंग गाऊन छातीशी धरून बसून राहिली. उजाडल्यावर वारा पडला तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहायला लागले, जणू मोजून घेत होते.

गल्ली ओळखू येत नव्हती. विजेचे खांब वाकलेले, कोणाचा पत्रा कोणाच्या अंगणात. बिसिंग चिखलातून, तुटक्या फांद्यांवरून पाय टाकत आपल्या घरापाशी आली आणि थांबली.

झाड पडलं होतं. अगदी जसं तिनं इतकी वर्षं डोळ्यांसमोर पाहिलं होतं, तसंच. शिवणाची खोली खाली दबून गेली होती. घराच्या दोन खोल्या मात्र उभ्या होत्या, पत्रे उचकटलेले, पण उभ्या. हिरव्या पानांचा डोंगर आणि त्यात मधूनमधून फुटलेले नीरफणस.

समोरच्या घरातली पासिता धावत आली. "मानाय, नको आत जाऊस! अजून खचेल!"

बिसिंगनं ऐकलं नाही. ती पोटावर सरपटत फांद्यांखाली शिरली. दाराची चौकट आडवी पडली होती. त्यावर कुलूप नव्हतं. कडी कोयत्यानं तोडली होती, घाव ताजे होते. तिनं आणखी आत हात घातला, पानं ओरबाडली, मशीनची जागा शोधली. जमिनीवर स्टँडच्या पायांच्या जुन्या खुणा होत्या. दोरी कापून पडली होती. मशीन नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत चीक आणि डोळ्यांत नुसता अंगार. "चोरलं! वादळात लोक जीव वाचवतात, आणि इथं कुणीतरी माझं मशीन चोरलं!"

"एवढं जड मशीन?" पासिता म्हणाली. "कोण नेणार गं? आणि कशावर घालून?"

"ज्याच्याकडे रेडा आहे तो," बिसिंग म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिची जीभ अडखळली. कारण चिखलात, कुंपणाच्या मोडलेल्या बांबूंमधून, ओढगाडीच्या दोन खोल खुणा पलीकडे गेल्या होत्या. बिनचाकाची, नुसती घसरत जाणारी गाडी, जिच्यावर तिनोंग डोंगरावरून आबाकाचे भारे आणायचा.

"तिनोंग कुठाय?" तिनं विचारलं. "चर्चमध्ये होता ना?"

पासिताचा चेहरा उतरला. "आम्ही चर्चमध्येच होतो. तो नव्हता तिथं. आम्हाला वाटलं शाळेत असेल."

बिसिंग कुंपण ओलांडून गेली. तिनोंगच्या घराचं छप्पर उडालं होतं. आत खाट, भांडी, मेरीमातेची मूर्ती, सगळं भिजलेलं, आणि माणूस नाही. जिवंतही नको आणि मेलेलंही नको, हे आपलेच शब्द तिच्या कानात घुमायला लागले. जिथं झाड उभं होतं तिथं आता मुळांची भिंत उठली होती, माणसाच्या दुप्पट उंच, तिच्यातून लाल माती ठिबकत होती.

"मानोय!" ती ओरडली. "मानोय तिनोंग!"

कुठूनतरी, जमिनीतून आल्यासारखा, एक दबका आवाज आला. "कोण? बिसिंग का?"

"कुठायस तू?"

"बाथरूममध्ये!"

मुळांच्या भिंतीमागे तिनोंगचं बाथरूम होतं. मुलानं जहाजावरून पैसे पाठवून बांधून दिलेलं, चारही बाजूंनी सिमेंटचं, वर सिमेंटचीच स्लॅब. त्याच्या सगळ्या मालमत्तेत तेवढंच काय ते पक्कं. झाड पलीकडे कोसळताना मुळांनी अलीकडची जमीन उचलली होती, आणि मातीचा ढीग दारावर येऊन बसला होता. बाहेर उघडणारं दार घट्ट बंद. वर हाताएवढा झरोका, त्यातून दोन बोटं बाहेर आली आणि हलली.

"जखमी आहेस का?" बिसिंगनं त्या बोटांना विचारलं.

"नाही. पण पाय कालपासून पसरलेला नाही. जागाच नाही इथं."

"का? काय भरलंयस आत?"

मग आतून आवाज आला, "तुझं मशीन."

बिसिंग तिथंच चिखलात बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना. तिनं दोन्ही केलं. पासिता मदतीला माणसं बोलवायला धावली, आणि ती येईपर्यंत बिसिंग एका फुटक्या पत्र्यानं माती ओढत राहिली आणि ओढता ओढता भांडत राहिली.

"कुलूप तोडलंस माझं!"

"मग काय किल्ली मागायला शाळेत येऊ?"

"पण तू तर म्हणालास, काही होत नाही झाडाला!"

"तू गेल्यावर मी बुंध्याशी गेलो," तिनोंग आतून म्हणाला. "पायाखाली जमीन वरखाली होत होती. झोपलेल्या माणसाची छाती होते ना, तशी. तेव्हा कळलं. आता तोडायलाही वेळ नव्हता. म्हटलं, झाड तर जाणारच आहे, निदान मशीन तरी काढू."

त्यानं रेडा पुन्हा जुंपला होता, कुंपण मोडलं होतं, आणि स्टँड एकेका पायावर फिरवत फिरवत त्या चिंचोळ्या दारातून आत घातलं होतं. रेड्याला सोडून डोंगराकडे हाकललं, तोवर वाऱ्यात उभं राहणं अशक्य झालं. मग तोही आत शिरला आणि मशीनच्या फळीवर बसून राहिला.

"बटणांचा डबाही आणला होता," तो म्हणाला. "पण तो अंधारात सांडला. बटणं पायाखाली आली तर मला वाटलं उंदीर."

तोवर चार-पाच जण फावडी घेऊन आले. कॅप्टन हर्मिनियाही आली, रबरी बूट घालून. माती उपसली, दार कुदळीनं उचकटलं. तिनोंग बाहेर आला तो लंगडत, दाढी मातीनं भरलेली, एका हातात चपला. बिसिंगनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं ती गिऱ्हाइकाचं माप डोळ्यांनी घ्यायची तसं. सगळं जागच्या जागी होतं.

"मी बोलले ते," ती अडखळत म्हणाली, "तोंड दाखवू नकोस वगैरे..."

"मी कुठं दाखवलं? बाथरूममध्येच होतो की."

फावडी घेतलेली माणसं एवढी हसली की एकाला खाली बसावं लागलं. रात्रभराच्या भीतीनंतर गावात तोच पहिला मोठा हसण्याचा आवाज होता. रेडाही दुपारी सापडला, डोंगराच्या पायथ्याशी कुणाच्यातरी रताळ्याच्या वेलात उभा, अगदी मजेत.

आता प्रश्न राहिला झाडाचा. कॅप्टन दोघांच्या मध्ये उभी राहिली. तिला वाटलं, झालं, आता आणखी दहा वर्षं हे भांडण माझ्या अंगणात.

"झाड तिनोंगचं," ती म्हणाली, "पण पडलंय बिसिंगच्या जागेत. तेव्हा उचलायचं कोणी आणि लाकूड कोणाचं, ते आत्ताच ठरवा. मला अजून अर्धं गाव बघायचंय."

"लाकूड सगळं तिचं," तिनोंग म्हणाला. "तिची खोली मोडली."

"मला नको," बिसिंग म्हणाली. "झाड त्याचं आहे. त्याचं जेवढं गेलंय तेवढं माझं गेलेलं नाही."

"घे म्हणतो ना!"

"नको म्हणते ना!"

कॅप्टननं कपाळावर हात मारला. "आधी तोडत नव्हतात म्हणून भांडलात, आता घेत नाही म्हणून भांडता? फळ्या पाडा आणि तिची खोली बांधा. उरलं तर याचं छप्पर. चला!"

गावातलं यंत्राचं करवत रस्ता मोकळा करण्यात अडकलं होतं. मग तिनोंगनं जुनं दोन मुठींचं करवत काढलं. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, सगळ्यांची घरं पडलेली. बिसिंगनं ते टोक धरलं. पहिल्या दिवशी तिच्या हाताला फोड आले, पण ओढ मात्र तिची एकसारखी. "अरे, सरळ ओढ," ती तिनोंगला म्हणायची, "तुझी शिवण वाकडी जातेय." नीरफणसाचं लाकूड मऊ आणि हलकं. भुसा पांढरा उडायचा आणि दोघांच्या घामावर चिकटायचा.

फुटली नव्हती ती फळं बायकांनी गोळा केली. पडलेल्या नारळांची कमी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी तीन दगड मांडून मोठ्या कढईत नीरफणस नारळाच्या दुधात शिजला, वर सुकट आणि तिखट मिरच्या. तांदळाची बोट या वेळी लवकर आली, पण त्या दोन-तीन दिवसांत सगळे तेच जेवले. तिनोंग आपला वाडगा घेऊन बुंध्यावर बसला आणि बराच वेळ खाल्लंच नाही. बिसिंग त्याच्या शेजारी जाऊन बसली. मग त्याचा निवलेला वाडगा घेऊन गेली आणि गरम भरून आणला.

"पडताना आवाज केला नाही त्यानं," तो म्हणाला. "वाऱ्यातसुद्धा मला ऐकू आलं असतं. नुसतं हळूच आडवं झालं."

"चांगलं झाड होतं," बिसिंग म्हणाली. हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं, आणि म्हणून झाल्यावर तिला हलकं वाटलं.

जेनलिनचं लग्न डिसेंबरातच झालं, अर्ध्या छपराच्या चर्चमध्ये. गाऊन वेळेत तयार होता. बिसिंगनं तो तिनोंगच्या अंगणात, ताडपत्रीखाली मशीन मांडून पुरा केला. न्हाणीतल्या ओलीनं चाक थोडं गंजलं होतं, ते तिनोंगनं खोबरेल घासून मोकळं केलं.

नवी खोली जानेवारीत उभी राहिली, नीरफणसाच्या फळ्यांची, अजून कच्च्या लाकडाच्या वासाची. पहिल्या दिवशी बिसिंग मशीनवर बसली. जोराचा वारा सुटला, पत्रा खडखडला, आणि तिचा पाय पायडलवर चालतच राहिला. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण वर पाहिलंच नाही. तिनं पाठ खुर्चीला टेकली आणि एक मोठा श्वास सोडला.

आठवड्याभरातच ती कुंपणापाशी उभी होती, हातात पदराएवढं कापड घेऊन वारा घालत.

"मानोय! सकाळपासून ऊन सरळ माझ्या डोळ्यांत येतंय. कापड पांढरं की पिवळं तेसुद्धा कळेना!"

तिनोंग रेड्याला पाणी पाजत होता. "आता सूर्यपण माझा का?"

"सावली तुझी होती ना? मग ऊनही तुझंच."

"हो हो," तिनोंग म्हणाला. "बघतो."

पण या वेळी त्यानं खरंच बघितलं. दुपारी तो नारळाच्या झावळ्यांचा पडदा विणून घेऊन आला, खिडकीवर बांधला, आणि बिसिंगनं कॉफी ठेवली.